टेबल सत्तावीस

पुण्याहून मेल आला : बुधवार आनंदी करा.
सोबत यादी. फुगे, अंताक्षरी,
स्वतःबद्दल कुणालाच माहीत नसलेली एक गोष्ट सांगा,
आणि शेवटी फॉर्म :
आज आनंद किती झाला? एक ते पाच.

टीम लीड मी, म्हणजे फुगे मीच फुगवायचे.
चाळीस फुगवले.
मिहानचं ऊन काचेला रेलून उभं, मे महिना,
साडेअकराला पहिला फुटला,
मग दर दहा मिनिटांनी एकेक,
आणि क्लायंट विचारत राहिला, तिकडे सगळं ठीक आहे ना?

लोक आले होते सव्वा तास तापून,
कूलरचा वाळा घरी सोडून,
पायांतल्या सपाता घरी सोडून,
आणि इथे येऊन हेडफोन चढवून
शेजारच्या टेबलाशी पडद्यातून बोलत होते.
"माझा आवाज येतोय का?" प्रांजली विचारत होती.
हात लांबवला असता
तर तिची वेणी हाती लागली असती.

गुलाबभाऊ चहा ठेवून गेले.
"घरून काम, हापिसातून काम,
तुमचं बरं हाय म्याडम.
चहा काही घरून पाठवता येत नाही आम्हाले."

पुढच्या बुधवारी मी काहीच केलं नाही.
जे केलं ते सॉफ्टवेअरच्या चुकीनं :
टेबल सत्तावीस, एकाच दिवशी दोघांना,
मला आणि शुद्धोधन रामटेकेला.

दोन वर्षं ओळखते मी त्याला.
म्हणजे एक चौकोन, मागे निळा पडदा,
आणि त्याच्या आईचा कुकर.
तिसरी शिट्टी झाली की आम्ही मीटिंग आवरती घेतो.
तो उभा राहिला आणि उभाच होत गेला, छताकडे.
पडद्यावर सगळे सारख्याच उंचीचे असतात.
"काय मॅडम," तो म्हणाला,
"तुम्ही तर बुटक्या निघाल्या ना!"

दुसरी खुर्ची ओढली.
तो डावखुरा, हेही नव्यानंच कळलं,
कोपरावर कोपर आपटलं,
मग जागा बदलल्या, मग नाही आपटलं.

त्यानं पोहे आणले होते,
तर्री वेगळी, पिशवीला गाठ मारून.
ती गाठ सोडताना जे व्हायचं तेच झालं :
माझ्या बाहीवर लाल नकाशा.
आणि तीन आठवडे, अकरा मेल अडकून पडलेला तो बग
पोह्यांच्या कागदाच्या पाठीवर,
तेलाचा डाग चुकवत चुकवत,
त्यानं डाव्या हातानं सोडवला.
मी ओरडलेच.

"काय करून राहिले बे तुम्ही?"
एक हेडफोन उतरला, मग दुसरा.
प्रांजली हसली तेव्हा कळलं
की ती हसताना नाकातून आवाज करते,
दोन वर्षं म्यूट करून हसत होती बिचारी.
गुलाबभाऊंना पहिल्यांदा कुणीतरी बस म्हटलं.
ते बसले नाहीत, टेकले,
आणि तर्रीत लवंग जास्त झाली म्हणाले.

सगळं गोड झालं असं नाही.
वैदेही तीन वाजता निघाली, तिचं बाळ तापलेलं,
जाताना तिचा चेहरा माफी मागत होता,
आणि कुणी काही विचारलं नाही.
त्या दिवसातलं मला तेच जास्त आवडलं.
मनीषनगरच्या फाटकात अडकले मी परतताना,
मालगाडीचे डबे मोजले, छप्पन्न, आणि कंटाळले.

रात्री फॉर्म उघडला.
आनंद किती? एक ते पाच.
पाच गोल, रिकामे, वाट बघत.
खाली 'इतर सूचना' लिहायला चौकट होती,
तिथं लिहिलं :
सॉफ्टवेअर दुरुस्त करू नका.
आणि पुढच्या वेळी
तर्री थोडी जास्त.