कावळ्यांचा दहावा

सेलूकडून आलेल्या गारांनी
अर्ध्या तासात चिंच रिकामी केली.
बगळे, साळुंक्या; कावळे तर
वेचता सरेनात.
संभाआप्पा गुरवानं घमेल्यानं वाहिले,
दुधनेच्या वाळूत पुरले.
मग महादेवाची घंटा फडक्यानं बांधली,
सुतक धरलं.

"कोन गेलं वो आप्पा?"
"घरचेच."

दहा दिवस पिंडीवर पाणी नाही.
देवानंही मागितलं नाही.

दहाव्याला भाताचा गोळा, दही, काळे तीळ.
आप्पा बोटात दर्भ घालून उभे.
ऊन मानेवर आलं.
गावातला प्रत्येक जीव
आजवर यांच्याच चोचीनं सुटला;
आता यांना कोण शिवणार?
एक मुंगळा चढला, त्याला त्यांनी राहू दिलं.

कुणी म्हणालं, दर्भाचा कावळा करा, शिववा,
घरी चला.
आप्पा गप्प.

मग रीतीप्रमाणे आम्हीच
कबूल होत गेलो, हात जोडून, वर बघत:
चिंच तोडणार नाही.
वाळूचे ट्रॅक्टर नदीत घालणार नाही.
बोंद्रे मास्तर म्हणाले, अंगणात पाणी ठेवीन,
आणि त्यांचा आवाज फुटला.

आभाळ लख्ख.
पिंड दिवेलागणीपर्यंत तसाच.

घंटा अजून बांधलेली आहे.