पाणी कुठं जातं

पन्नाशीच्या वरचे सगळे.
टोला मारायला वळले की
आधी कंबर वाजते, मग चेंडू.

लिंबाजी दाभाडे, वय अठ्ठावन्न.
फलकावर चुकून लिहिलंय लिंबराज.
"ऱ्हाऊ दे," म्हणाला, "तेवढंच राज."

बॅग मपल्या खांद्यावर.
चाळीस सालामागं ह्याच छावणीच्या माळावर
दोघांच्याही खांद्यावर मेजर लोकांच्या बॅगा.
हिरवळ कसली?
वाळूत जळकं ऑइल कालवून
भोकाभोवती तपकिरी गोल दाबायचे,
अन् साहेब पुढं गेले की
आम्ही पोतं ओढून त्यांची पावलं पुसायचो.

आता टँकर पिऊन गवत तुकतुकीत.
अठराव्या भोकाशी पुण्याचा गडी वाकला,
वहीत उतार पाहिला,
डावीकडं मारला. हुकला.

लिंबाजी वाकला नाही, गुडघा ऐकत नाही.
मला विचारलं, "पाणी कुठं जातं?"
"खामकडं."
"मग चेंडू कामून दुसरीकडं जाईल?"

वीतभर उजवीकडं सोडला, हळूच.
वळला. बरोबर वळला,
उन्हाळ्यात नदी शोधणाऱ्या
म्हशीसारखा,
अन् काठावर येऊन बसला.

वाळू असती तर पडला असता.

चौथा नंबर. टाळ्या. लिंबराज म्हणूनच चेक.
मांडव सुटल्यावर बूट काढून
तो त्या जागी अनवाणी उभा राहिला,
बराच वेळ. काही बोलला नाही.

गवतावर दोन पावलं उठली.
मी सवयीनं
पोतं शोधू लागलो.