एकास बारा

लिंडन स्ट्रीटवर माझी गाडी वळली
की पडदे हलतात.
पालिकेची पांढरी गाडी कुणाच्या दारात थांबते
हे बघायला लोक चुलीवरचं तसंच टाकून येतात.

केंटकीच्या बाजूला, ओहायो नदीने दोनदा घरात शिरून
परत गेलेली ही विटांची रांग. तिला वारसा म्हणतात.
म्हणजे खिडकी लाकडाची, रंग यादीतला,
कुंपण बेचाळीस इंच,
आणि शेजारी मात्र नशिबात असेल तसा.

माझ्या फायलीत सगळे आहेत.
साइझमोरच्या डिशबद्दल प्रूइटने लिहिलं,
प्रूइटच्या प्लास्टिकच्या खिडक्यांबद्दल साइझमोरच्या मेहुणीने,
आणि दोघांच्या कोंबड्यांबद्दल अशा कुणीतरी
ज्याला अक्षर बदलता येत नाही.
नावं मी सांगत नाही.
कुणी विचारतही नाही, सगळ्यांना ठाऊक असतं.

एप्रिलात टॅकेटच्या उताराची तक्रार आली.
चार फोटो, वरच्या मजल्यावरून काढलेले,
एकाच्या कोपऱ्यात जिरॅनियमचं पान.
समोर, वर, जिरॅनियम एकाच खिडकीत आहेत.

ओडेल टॅकेट. चाळीस वर्षं कोळशाच्या बार्जवर.
बायको व्हर्ना, फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका.
ओसरी अठ्ठावीस इंच उंच.
नियम असा, की एक इंच चढायचं तर बारा इंच चालायचं.
म्हणजे अठ्ठावीस फूट.
अंगण एकोणीस.
म्हणून उतार मध्येच वळला,
कच्च्या पाइनच्या फळ्या, ना रंग ना परवाना,
दीडशे वर्षं जुन्या कमानीसमोर आडवा.

मी टेप लावली. सतरा ठिकाणी मोजलं,
कारण मला चूक सापडायला हवी होती,
किंवा नको होती, आता आठवत नाही.
एकास बारा. केसभरही इकडचं तिकडं नाही.
"बार्जला फळी लावताना चुकलं," तो म्हणाला,
"की माणूस पाण्यात."

जूनमध्ये सुनावणी.
विनिफ्रेड हॅव्हरकँप काठी टेकत उभी राहिली,
हातात कमानीचं पिवळं पडलेलं छायाचित्र.
या बाईने आपल्या दाराचा रंग सुरीने खरवडून
सात थरांखालचा मूळ हिरवा शोधून काढलाय.
तिला वेडी म्हणणं सोपं आहे.
"एकाला सूट दिली," ती म्हणाली, "की गल्ली गेली."
"गल्ली कुठे जाते?" टॅकेट म्हणाला.
"माझी बायको जात नाही कुठे."
मागे कुणी हसलं. तो विनोद करत नव्हता.

चार विरुद्ध तीन. पाच वर्षांची परवानगी,
रंग यादीतला हवा.
त्याने दुकानात जाऊन नेमका तिचाच मागितला,
सात थरांखालचा हिरवा.
डिवचायला, की मान राखायला,
दोघांपैकी कुणीच मला सांगितलं नाही.

नोव्हेंबरात व्हर्ना गेली.

जानेवारीत फोन. लिंडन स्ट्रीट, दोनशे चौदा,
बेकायदा उतार.
"तक्रारदाराचं नाव?"
"लिहू नका."
पत्ता ज्याचा, आवाज त्याचाच.
"मिस्टर टॅकेट, तुम्हाला अजून चार वर्षं आहेत."
"कारण उरलं नाही," तो म्हणाला.
"नोटीस पाठवा. तीस दिवसांची, लाल शिक्क्याची.
आपणहून हात उचलत नाही."

अशी नोटीस नियमात बसत नाही.
तसं सांगायला म्हणून गेले, फोनवरही सांगता आलं असतं.
रात्रभर बर्फ पडला होता.
हिरव्या उतारावर वर जाणारी पावलं,
प्रत्येक पावलाच्या शेजारी काठीचं गोल भोक,
वळणावर जरा जास्त, तिथे कुणी दम घेतला असेल.
खाली उतरणारी पावलं नव्हती.

मी काच खाली केली, टेप तशीच मांडीवर,
आणि सवयीने समोर वर पाहिलं.
पडदा हलला नाही.