निदान

मलेरिया नाही. काच मी तीनदा फिरवली,
तांबड्या पेशी स्वच्छ, सुट्या.
डेंगी नाही. लेप्टो नाही,
दुसऱ्यांदा केली, तरी पट्टीवर एकच रेघ.
स्क्रबचं किट सावंतवाडीहून मागवलं,
तेही नाही.

वेंगुर्ल्याच्या या लॅबमध्ये सोळा वर्षं
मी लोकांना 'नाही' लिहून देतेय
आणि लोक त्यालाच बरं समजतात.

तारामती घाडी, वय एकेचाळीस, तापाचा नववा दिवस.
प्लेटलेट उतरणीला, क्रिएटिनिन चढणीला.
'कारण' या रकान्यात
डॉ. बांदिवडेकरांनी पेन टेकवलं
आणि उचललं. शाईचा ठिपका तेवढा राहिला.

मग स्टूल ओढून तिच्यापाशी बसले.
विहीर कुठली, गुरं किती, झोपतेस कुठे,
कामाला कुठे?
काजूच्या गोदामात. झाडूक.
उंदीर?
"असतत मां. पण माका चावलो नाय हां कोण.
नुसती धूळ. नाकात जाता."

नुसती धूळ.
डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, मी फ्रीजकडे.

सीरम बर्फात घालून लसीच्या गाडीनं ओरोसला,
तिथून रात्रीच्या एसटीनं पुण्याला.
इकडे तिची लघवी बंद. दोनदा डायलिसिस.
आणि एका पहाटे चार लिटर!
सिस्टर पिंगुळकर व्हरांड्यातून ओरडत आली,
जसं कुणाच्या घरी बाळ झालं.

रिपोर्ट आला तेव्हा ती घरी जाऊन आठवडा झालेला.
हंता. पॉझिटिव्ह.
झारापकर क्लार्क दचकला, हंता म्हणजे मारणारा ना?
नाही हो, म्हटलं, लांबच्या कुठल्याशा नदीचं नाव.
नदीला काय ठाऊक
आपल्याकडे तिचा अर्थ काय होतो.

परवा गोदामावर गेले. ती पुन्हा कामाला,
केरसुणी हातात, कवडशात धूळ उभी.
म्हटलं, कोरडं झाडू नकोस.
आधी दारं उघड, जरा बाहेर थांब,
नाकाला मास्क, मग औषधाचं पाणी मार,
मग ओल्यानं पूस.
ती हसली. "म्हंजे सडोच मां?"
आतून मालक म्हणाला, ओल लागली तर बी काळी पडते, बाई.

आज जुनी रजिस्टरं काढून बसलेय.
सहा वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. तीन ताप,
'कारण'च्या रकान्यात तीन ठिपके.
त्यातला एक हमाल होता.
पत्ता वाचता येतोय अजून.