अगसी

वखारीत एकतीस वर्षं काटा मी धरला.
बोदाचं वजन, त्यातून बारदान वजा,
ओलाव्याचं वेगळं.
आता निपाणीतल्याच दवाखान्यात
मंगळवारी, शुक्रवारी मीच काट्यावर चढतो
आणि इरफान वहीत लिहितो:
पाणी, दोन किलो सातशे.
बारदान तेवढं माझं.

पाण्याचं चारचौघांत सांगता येतं.
सुईचं येतं. हातातल्या फिश्चुल्याचं तर
कौतुकानं सांगता येतं,
कानाला लावला की मांजरागत घुरघुरतो,
नातवंडं ऐकायला रांग लावतात.
पण पाच दिवस पोटाचा दगड झालाय
हे कुणाला सांगायचं?
शालनला सांगितलं नाही. तिला कळलं.
संडासाच्या दारापाशी तिच्या बांगड्या
दोनदा येऊन परत गेल्या.

केळं बंद. शहाळं बंद.
पालेभाजी उकळायची, पाणी ओतून द्यायचं,
मागं उरतो तो भाजीचा फोटो.
इसबगोल घ्या म्हणतात लोक.
त्याला पाणी लागतं,
आणि माझं पाणी बाटलीवर रेघा मारून.
जेवणाबरोबरच्या त्या पांढऱ्या गोळ्या
आत गिलाव्यागत बसतात.

शेजारच्या खाटेवर निंगव्वा, नागरमुन्नोळीची.
तिला मराठी चार आणे, मला कन्नड सहा आणे,
बाकीची रक्कम हातवारे.
एका शुक्रवारी, यंत्रं गुणगुणत असताना
ती छताकडे बघत म्हणाली,
'अगसी एण्णी.'
मला वाटलं, वेशीचं काहीतरी बोलतेय.
तिकडे गावच्या वेशीलाही अगसीच म्हणतात.
आईच्या माहेरी अगसीखालच्या कट्ट्यावर
झोपलोय मी लहानपणी.
पण वेशीचं कसलं तेल?
तिनं पोटावर हात ठेवला. मग मूठ मिटली,
आणि हळूहळू उघडली.
पुढचा तासभर आम्ही दोघं
वेगवेगळ्या भिंतींकडे बघत होतो.

जवस!
डॉक्टरीणबाईंना विचारलं, आवाज खाली करून.
त्या मात्र वरच्या पट्टीत:
'चटणी नको हं काका, बी नकोच. तेल चालेल,
एक लहान चमचा, भातावर. महिनाभर बघू.'
सगळ्या वॉर्डाला माझं पोट कळलं.
कोपऱ्यातल्या पोतदार मास्तरांनी
सुई नसलेला हात वर केला:
'बाई, मलापण.'

संकेश्वरच्या लाकडी घाण्यावरून आणलं.
काळी बाटली, फ्रीजमध्ये दुधाच्या मागं.
वास जुन्या क्रिकेटच्या बॅटचा.
शालन भातात बोटानं खळगा करते,
चमचा ओतते, आणि मी खाईपर्यंत
मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलते,
गॅसच्या नळीचं, भाचीच्या बदलीचं.

पहिले आठ दिवस काही नाही.
मग थोडं. मग परत दगड.
तेल म्हणजे काय मंत्र नव्हे.
तिसऱ्या आठवड्यात, पाच वाजता,
पेपरवाल्याची सायकल यायच्या आत,
आणि जोर न करता.
बाहेर आलो तर चहा तयार.
माझा अर्धा कप.
शालननं माझ्या तोंडाकडे पाहिलं
आणि स्वतःच्या कपातला एक घोट
माझ्यात ओतला.
मी तो मोजणीत धरला नाही.

शुक्रवारी निंगव्वानं नुसत्या भुवया उडवल्या:
'अगसी?'
मी मूठ उघडून दाखवली.
ती अशी हसली, अशी हसली
की तिच्या यंत्रानं पिपाणी धरली,
आणि इरफान नळी सावरत ओरडला,
'अव्वा, नगब्याड्री!'