कळ

हाल्श्काबाईंचा फोन आला तेव्हा
वूच शहरात दुपारी साडेतीनलाच दिवे लागले होते
आणि मी प्लगइनचं चिन्ह
निळं असावं की हिरवं, यात अडकलो होतो.
"तुमचं ते यंत्र," त्या म्हणाल्या,
"माझ्या आईला खातंय."

सावकाश उलगडलं.
त्या लिहीत होत्या सूतगिरणीतल्या आईबद्दल.
'ती पहाटे चारला उठली' –
उठलीच्या टोकाशी पोचावं, तर अख्खी ओळ गायब.
'तिनं विणलं' – गायब.
'कधी रडली नाही' – तेही.
वर्तमानकाळाला मात्र धक्का नाही.
आई उठते. आई विणते.
आई काही मरत नाही.
"वीस दिवस मी तिला असंच ठेवलंय," त्या म्हणाल्या,
"पण ती गेली हो, एक्क्याऐंशीच्या थंडीत.
ते लिहायला नको?"

आमच्या भाषेचा भूतकाळ
एका अक्षरावर उभा आहे:
एल, कमरेतून तिरकी रेघ गेलेला.
तो उमटतो उजवा ऑल्ट धरून एल दाबल्यावर.
आणि विंडोजच्या लेखी उजवा ऑल्ट म्हणजे
कंट्रोल आणि ऑल्ट, दोघं हातात हात घालून आलेले.
त्या दोघांना आणि एलला
मी नेमून दिलं होतं काम:
ओळ पुसा.

मी, त्सेझारी, इथलाच, याच शहरातला,
ज्याच्या नावातल्या चार अक्षरांपैकी तिघांना
रेघ, नाहीतर वर काहीतरी लागतं.
पण दिवसभर कोड इंग्रजीत,
मित्रांना निरोप शेपट्या कापून, टिंबं झाडून;
घाई असते, आणि समजतं सगळ्यांना.
चाचणीही इंग्रजीतच घेतली. सगळं हिरवं आलं.

रात्री स्वयंपाकघरात कागद घेऊन बसलो
रिकामी कळ शोधत.
एस जतन करतो, झेड माघारी नेतो,
डब्ल्यू न विचारता दार लावतो.
"इन्सर्टकडे फिरकू नकोस," दोब्रोख्ना म्हणाली, माझी बहीण,
"ते माझे डोळे आहेत."
तिचा पडदा तिला बोलून वाचून दाखवतो
आणि त्याला बोलतं करायची कळ तीच.
ऑल्ट-शिफ्ट घ्यावं, तर वरच्या मजल्यावरचा ओस्ताप
त्यावरून दिवसातून शंभरदा
आपल्या लिपीत घरी जाऊन येतो.
कंट्रोल-के आणि मग आणखी काही, असं दोन दमांत?
तिथं एडिटरनंच आधी रुमाल टाकलेला.
एफ सात मोकळी वाटली क्षणभर.
शुद्धलेखन निघालं त्यात.

शंभरावर कळा, आणि प्रत्येकीवर
कुणाचं तरी बोट आधीच ठेवलेलं.
चहा गार झाला. दोब्रोख्ना झोपायला गेली.
पहाटे मी नेमणूक काढून टाकली.
चौकट कोरी ठेवली, खाली बारीक अक्षरांत लिहिलं:
हवी असल्यास आपली कळ आपण निवडा.
हे लिहायला फारच थोडे शब्द लागले
याची जरा लाज वाटली.

सकाळी मीच फोन केला.
"ओळ पुसायला आता काहीच नाही," मी म्हणालो,
"तुम्ही ठरवा कुठली कळ."
"मला कुठं ओळ पुसायची होती?
मी तर शब्द मोजायला घेतलं होतं ते."

मग फोनमधून टकटक ऐकू आली,
संथ, एका बोटाची.
मध्येच थांबली.
मग दोन कळा, जोडीनं.

मी घाबरून विचारलं, "गेली?"

"आई गेली," त्या म्हणाल्या. "ओळ आहे."

बराच वेळ नुसता श्वास.
मग: "बरं, शब्द किती झाले
ते कुठं दाबून बघायचं?"