अधेली

शुक्रवारी तीनच्या सुमारास दारावरची घंटा किणकिणते
आणि आर्विड सॅल्मेला आत येतो,
पायपुसण्यावर बूट दोनदा आपटून.
आयडाहोच्या या दरीत एप्रिल आला तरी बर्फ हटत नाही.

काचेच्या कपाटाकडे तो बघतही नाही.
तिथली नाणी डब्यांत बंद,
कुणी पुसलं तर निम्मी किंमत जाईल
अशा नाजूक घराण्यातली.
त्याला हवी गल्ल्याशेजारची पाटी:
भोक पाडलेली, चरे गेलेली,
चाकूनं कुणीतरी आद्याक्षरं कोरलेली,
सगळी वजनावर.
भंगारच म्हणायचं. फक्त चांदीचं.

तो उपसत राहतो.
एखादी अधेली उचलतो, काचेवर टाकतो,
आवाज विरेपर्यंत मान कलती ठेवतो.
ही, म्हणतो.

घरी काय करतो ते एकदाच सांगितलं त्यानं:
खायचा सोडा, कोमट पाणी, दात घासायचा जुना ब्रश,
मग जीन्सचा तुकडा, शिवण नसलेला.
"आणि मग खिसा. खरं काम खिसाच करतो."
किल्ल्या डाव्या खिशात, उजव्यात ती एकटी.
दवाखान्याच्या बाकावर, पोस्टाच्या रांगेत,
प्रवचन लांबलं की चर्चमध्ये,
अंगठा आपला फिरत असतो.

मी म्हटलं, आर्विड, नाणं घासू नये.
ऐंशी वर्षांचा काळसरपणा एकदा गेला की गेला.
माझ्या धंद्यातला पहिला धडा आहे हा.

तो म्हणाला, एकतीस वर्षं चांदी काढली मी.
मैलभर खाली, जिथे खडकालाच ताप असतो.
एकदाही दिसली नाही.
राखाडी दगड, ओला, तोच वर जायचा.
पुढे त्याचं काय व्हायचं ते दुसऱ्या गावाला माहीत.
"तिचा तोंडावळा बघायचाय एवढंच,"
म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

अधेलीवर एक बाई आहे, सूर्याकडे चालत निघालेली.
आधी तिचा हात जातो,
मग चेहरा, मग झग्याच्या चुण्या,
मग साल.
सूर्य बराच टिकतो. तो कडेला आहे.

पार गुळगुळीत झाली की तो ती देऊन टाकतो.
एक टपाल टाकणाऱ्या व्हर्नाला दिली,
एक शेजारच्या तोतऱ्या मुलाला.
अट एकच: खर्चायची नाही.

जानेवारीत एक पोरगा आला, गाड्या ओढणाऱ्या ट्रकवरचा.
मुठीत पाच नाणी, नजर फरशीवर.
पाचवं मी हातात घेतलं आणि ओळखलं.
इतकं मऊ दुसऱ्या कुणाचं होत नाही.
"म्हाताऱ्याची गाडी खड्ड्यातून काढली होती," तो म्हणाला,
"त्यानं दिलं. पण टायर घ्यायचेत."

काट्यावर ठेवलं. अकरा ग्रॅम आणि थोडं.
टाकसाळीतून निघालं तेव्हा साडेबारा होतं.
उरलेलं कुठे गेलं?
किती हातांना, किती खिशांच्या अस्तरांना?
थोडं तरी आर्विडच्या अंगठ्याच्या रेषांत असेल,
तो हात धुतो तेव्हा
पुन्हा या दरीच्या नदीत.

पैसे दिले. भावानं, एक सेंट कमी न करता.
टायर खोटे नव्हते.
आणि अधेली पाटीत टाकली, अगदी तळाशी.
का, ते विचारू नका.

आठ शुक्रवार ती त्याच्या हाती लागली नाही.
नवव्याला बोटं थांबली.
त्यानं ती वाजवली नाही.
अंगठा एकदा फिरवला, हळू,
खूप दिवसांनी भेटलेल्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.
माझ्याकडे बघितलं.
मी पावतीपुस्तकात काहीतरी शोधत राहिले.

"केवढ्याला?"
"वजनावर," मी म्हटलं.
"म्हणजे मागच्यापेक्षा स्वस्त," तो म्हणाला,
सुटे मोजून ठेवले,
ती उजव्या खिशात सोडली.

दारापाशी थांबला, टोपी सारखी केली.
"हिचं अजून थोडं राहिलंय," म्हणाला.